प्लगिनचे डॉक्स विस्कटलेत. दुवे आणि अनुवाद न गमावता फेरमांडणी कशी करावी?

खाजन_नकाशा (फोंडा)

खाजनांचे (खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनींचे) बांध आणि मानशी (भरती-ओहोटीवर चालणारी पाण्याची दारं) यांची नोंद ठेवणाऱ्या एका क्यूजीआयएस (नकाशांचं सॉफ्टवेअर) प्लगिनचे डॉक्स स्फिंक्समध्ये (आरएसटी फायलींतून वेबपानं बनवणारं साधन) आहेत. मूळ मजकूर मराठी, कोकणी अनुवाद पीओ फायलींत (मूळ वाक्य आणि त्याचा अनुवाद अशा जोड्या), एकूण ४१ पानं.

मेनूत ‘पहिला नकाशा’ हा धडा ‘प्लगिन बसवणे’ याच्या आधी येतो. सात पानं मेनूत नाहीतच, शोध घेतला तरच सापडतात. कोणती सीआरएस (नकाशाची निर्देशांक-पद्धत, तिला ईपीएसजी क्रमांक असतो) निवडायची ते तीन पानांवर आहे: दोन ठिकाणी ईपीएसजी ३२६४३, तिसऱ्यावर ४३२६. त्या तिसऱ्या पानाप्रमाणे जाऊन बफरमध्ये (वस्तूभोवती आखायचा पट्टा) ५० टाकले की अख्खा नकाशा झाकला जातो. ‘सेटिंग’ या पानावर तर सूचना, रकान्यांचा तक्ता आणि मानस कशी चालते याचं विवेचन, सगळं एकत्र कोंबलंय.

डायटॅक्सिसप्रमाणे (डॉक्सचे धडा, कृती, संदर्भ, विवेचन असे चार प्रकार) चार फोल्डर करून पानं वाटून टाकावीत असा विचार आहे. बरोबर आहे का?

मांडवीकाठ

फोल्डर शेवटी. रिकामे चार कप्पे आधी करू नयेत असं डायटॅक्सिसच्या मांडणीतही स्पष्ट सांगितलंय. आधी वाचकाचं काम बिघडवणारी चूक काढा, म्हणजे ती सीआरएस.

४३२६ मध्ये एकक अंश असतं, त्यामुळे ५० म्हणजे ५० अंशांचा बफर. गोवा यूटीएम ४३ उत्तर पट्ट्यात येतो. त्याची ३२६४३ घेतली की तेच ५० मीटर होतात. पण नुसता आकडा दुरुस्त करून थांबू नका. मजकूर तीन जागी राहिला तर पुढच्या बदलात तो पुन्हा फुटणार. एकाच फायलीत लिहा आणि तिन्ही पानांत इन्क्लूडने ओढा. त्या फायलीचं एक्स्टेन्शन मात्र टीएक्सटी ठेवा. आरएसटी ठेवलंत तर स्फिंक्स तिला स्वतंत्र पान समजतो. आत लेबलही (दुव्यासाठी दिलेलं नाव) नको, तीन पानांत ओढलं की ‘डुप्लिकेट लेबल’ची तक्रार सुरू होते. मजकूर चार-पाच ओळींपेक्षा मोठा असेल तर इन्क्लूड नको, दुवा द्या.

मेनूचा क्रम: टॉकट्रीत (मेनूची यादी) ग्लॉब (फायली आपोआप ओढणारा पर्याय) लावलेला दिसतोय. ग्लॉब फाइलनावं अक्षरक्रमाने लावतो, म्हणून एन-वालं ‘नकाशा’ पी-वाल्या ‘प्लगिन’च्या आधी. ग्लॉब काढा, नावं हाताने क्रमाने लिहा. फाइलनावांना ०१, ०२ असे आकडे लावायचा मोह होईल, तो टाळा. मध्ये एक पान घातलं की पुढचे सगळे पत्ते बदलतात.

हरवलेल्या सात पानांसाठी स्फिंक्स-बिल्डला मोठा ई, मोठा डब्ल्यू, छोटा एन आणि कीप-गोइंग हे पर्याय द्या. मोठा ई नसेल तर फक्त बदललेली पानंच पुन्हा वाचली जातात आणि जुन्या तक्रारी दिसतच नाहीत. प्रत्येक पानाचा निकाल लावा: मेनूत, दुसऱ्या पानात विलीन, नाहीतर रद्द. पानावर ‘ऑर्फन’ (मुद्दाम मेनूबाहेर ठेवलेलं) असं लिहून तक्रार गप्प करणं हा उपाय नव्हे.

म्हापसा_टर्मिनल

मांडवीकाठबाब, क्रम पटला. एक भर घालतो, मराठी डॉक्समध्ये ही हमखास नडते.

डॉक्युटिल्स (स्फिंक्सच्या आतलं साधन) मथळ्यावरून अँकर (पानातल्या त्या जागेचा पत्ता) बनवतं तेव्हा देवनागरी अक्षरं गाळून टाकतं. उरतं काय? आयडी१, आयडी२, आयडी३. वर एक नवा मथळा घातला की खालचे सगळे सरकतात, आणि बाहेरून दिलेला दुवा न मोडता भलत्याच परिच्छेदावर उतरतो. लिंकचेकलाही (स्फिंक्सची दुवे-तपासणी) हे कळत नाही, कारण आयडी३ असतोच. म्हणून काहीही हलवण्याआधी दुवे येणाऱ्या प्रत्येक मथळ्यावर रोमन अक्षरांत स्वतःचं लेबल लिहा आणि आतले दुवे ‘डॉक’ऐवजी (फाइलच्या जागेवरून) ‘रेफ’ने (लेबलवरून) द्या. मग फाइल कुठेही गेली तरी ते टिकतात.

गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) हलवणं आणि लिहिणं वेगवेगळ्या कमिटमध्ये (बदलांची एक नोंद). गिट नामबदल साम्यावरून ओळखतं, मर्यादा मुळात ५० टक्के. हलवतानाच अर्ध्याहून जास्त मजकूर बदलला तर त्याला एक फाइल गेली, दुसरी आली असंच दिसतं. लॉगला फॉलो लावूनही इतिहास तिथंच तुटतो आणि तपासणाऱ्याला फरक वाचता येत नाही. जुन्या पत्त्यांसाठी स्फिंक्स-रीरिडायरेक्ट्स बसवा, आणि त्यातली नोंद हलवण्याच्याच कमिटमध्ये करा.

पीओ_सांभाळ (मडगाव)

कोकणीकडे कुणी पाहिलं नाही. आरएसटी हलली आणि पीओ जुन्या जागी राहिली तर पुढच्या स्फिंक्स-इंटल अपडेटला (पीओ ताज्या करणारी आज्ञा) नव्या जागी कोरी पीओ तयार होते. अनुवाद जुन्या फायलीत शाबूत असतो, पानावर मात्र मराठी दिसतं.

कॉन्फमध्ये (स्फिंक्सच्या सेटिंगची फाइल) गेटटेक्स्ट-कॉम्पॅक्ट फॉल्स असेल तर पानागणिक एक पीओ असते. ती आरएसटीबरोबरच गिट एमव्हीने हलवा. ट्रू असेल (न लिहिल्यास तेच धरलं जातं) तर वरच्या फोल्डरमागे एकच पीओ असते आणि वाक्यं एकीतून दुसरीत जातात. अशा वेळी हलवण्याआधी सगळ्या जुन्या पीओ एमएसजीकॅटने एकत्र करून ठेवा, नंतर एमएसजीमर्जला ती फाइल कॉम्पेंडियम (जुन्या अनुवादांचा साठा) म्हणून द्या. जसंच्या तसं वाक्य जागेवर बसतं, थोडं बदललेलं ‘फझी’ (तपासायचं बाकी) होऊन येतं. फझी डोळ्यांखालून घालाच.

खाजन_नकाशा (फोंडा)

कॉम्पॅक्ट ट्रूच आहे, म्हणजे आधी एमएसजीकॅट. ‘सेटिंग’ पान कसं फोडावं?

मांडवीकाठ

वाक्यागणिक. ‘निवडा’, ‘भरा’, ‘जतन करा’ अशी वाक्यं कृतीच्या पानावर. रकान्याचं नाव, एकक, चालणारी मूल्यं हे संदर्भात. भरतीचं पाणी दार दाबून बंद करतं आणि ओहोटीला आतलं पाणी ते उघडून बाहेर पडतं, हे विवेचनात. ‘दाराची रुंदी’ या रकान्यापुढे अडलेल्या माणसाला त्या क्षणी फक्त ‘मीटर, दशांश चालतो’ एवढंच हवं असतं. विवेचनाचा दुवा त्याच ओळीखाली ठेवा. आणि ‘सेटिंग’चा जुना पत्ता संदर्भ-तक्त्याकडे वळवा.