तीन वर्तुळं आणि आमचं हार्डवेअरचं दुकान

कोणीतरी विचारलंय की जो कधी गल्ल्यावर बसला नाही तो प्रोफेसर घरच्या धंदेवाल्यांना काय शिकवणार. मलापण आधी तसंच वाटायचं. पण १९७८ मध्ये हार्वर्डला रेनाटो टॅग्युरी आणि तेव्हा त्यांच्याकडे डॉक्टरेट करणारा जॉन डेव्हिस यांनी तीन वर्तुळं काढली, कुटुंब, मालकी आणि धंदा, एकमेकांत अडकलेली, त्यातून सात जागा होतात आणि घरातला प्रत्येकजण त्यातल्या एका जागेवरून बोलत असतो. बस एवढंच.

आता आमचं दुकान बघा, काका आणि बाबा तिन्हीत, आत्याचं नाव फक्त भागीदारीच्या कागदावर आणि चुलतभाऊ रोज सकाळी शटर उघडतो पण हिस्सा शून्य. दिवाळीला नफा वाटायचा की गोडाऊनचे पत्रे बदलायचे यावरून दरवर्षी वाजायचं, आम्ही म्हणायचो आत्या हट्टी आहे. हट्टी कसली, तिला पगार नाही, वाटा मिळाला तरच हातात काही येणार ना!

बाकी घरच्या धंद्यांबद्दल ऐकवतात तो "तिसऱ्या पिढीपर्यंत १३ टक्केच टिकतात" वाला आकडा अभ्यासक जॉन वॉर्ड यांच्या १९८७ च्या अभ्यासातला, इलिनॉयमधल्या २०० कारखान्यांचा, आणि त्यात चांगल्या किमतीला विकलेली कंपनीपण टिकलेल्यात धरलेली नाही. तो उचलून आपल्या पेठेतल्या दुकानांना नका चिकटवू.

आणि अंधेरीच्या एसपी जैन मॅनेजमेंट कॉलेजला घरच्या धंद्यातल्या पोरांसाठी वेगळा कोर्सच आहे, चुलतभावाला तिकडे पाठवायचं म्हणतोय, काका फी ऐकून गप्प आहेत.