नागपूर टर्मिनल: सुरक्षा तपासणीला मशीन किती धरायची?

हिंगण्याचा: अंतिम वर्षाच्या प्रकल्पाला सोनेगाव विमानतळाचं देशांतर्गत टर्मिनल घेतलंय. गर्दीच्या तासाला निघणारे 900 प्रवासी, एका एक्स-रे मशीनवर ताशी 150, म्हणून 6 मशीन. सर म्हणतात कमी पडतील. का? शिवाय धावपट्टीकडची भिंत पूर्ण काचेची चालेल का?

रांगमोज्या: भागाकार बरोबर आहे, पण माणसं तासभर सारखी येत नाहीत. दाट पंधरा मिनिटांत 30 टक्के, म्हणजे 270 आली, तर 6 मशीन 225 काढतात. 45 रांगेत, थांबणं 3 मिनिटं. इथवर ठीक. एक मशीन बंद पडलं की क्षमता ताशी 750. तासाअखेर 150 माणसं उभी, शेवटच्याला 12 मिनिटं. माणशी 1.2 चौ.मी. धरून नुसत्या रांगेला 180 चौ.मी. लागतात. 7 मशीन दाखव. नाहीतर एवढी जागा तरी सोड.

वऱ्हाडी इंजिनिअर: खरी कोंडी मशीनच्या पुढं होते. ट्रे बाहेर येतात त्या रोलरपाशीच माणूस बेल्ट बांधतो, लॅपटॉप भरतो; ट्रे साचले की पट्टा थांबतो. रोलर लांब दे आणि बाकं त्यापलीकडं, वाट सोडून. महिलांची झडती आडोशाच्या केबिनमध्ये होते. चार मशीनला एकच केबिन दिली तर ट्रे पुढं येऊन पडतो, बाई मागंच. दोन मशीनमागं एक तरी हवी.

सावलीवाला: काचेचं. नागपूरची धावपट्टी 14/32, म्हणजे आग्नेय-वायव्य दिशेची, म्हणून तिला समांतर इमारतीची एक लांब बाजू नैऋत्येला येणारच. दुपारनंतरचं तिरपं ऊन आडव्या छज्जानं अडत नाही. उभ्या पट्ट्या किंवा जाळी लाव. काच बसलेल्या-उभ्या माणसाच्या नजरेपुरती ठेव, विमानं तिथूनच दिसतात. उंच छताखालची सगळी हवा गार करत बसू नको. थंड हवा जमिनीपासून 3 मीटरच्या आत सोड, गरम हवा राहू दे वर.

प्रवेशाकडं सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. ओळखपत्र तपासणारा जवान दारातच उभा केला की सेन्सरचं दार मिटतच नाही, आणि नवतप्यातली (मेअखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांतली) लू थेट आत. दोन दारं काढ, मधे 5-6 मीटर, ट्रॉलीसकट कुटुंब मावेल असं. तपासणी त्या मधल्या जागेत.

हिंगण्याचा: आणि बाहेर रांग गेलीच तर? डक्ट कूलर?

सावलीवाला: बाहेरच्या छताखाली एप्रिल-मेत उत्तम, हवा कोरडी असते. जुलैत तोच कूलर नुसता दमटपणा देईल, तेव्हा पाणी बंद करून पंखाच चालव. आत मात्र लावू नको, एसीवर ओलाव्याचा भार वाढतो.