मदत हवी आहे: बाबांच्या मणक्यात गाऊट (युरिक ॲसिडचे बारीक खडे सांध्यात साचण्याचा आजार) असू शकतो का? टीबीची औषधं सुरू होण्याआधी विचारतोय

नमस्कार मंडळी. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले, दारव्हा तालुक्यातले कास्तकार. बाबा एकोणसाठ वर्षांचे आहेत. कापूस वेचणीच्या दिवसांत त्यांची कंबर धरली ती अजून सुटली नाही. आधी वाटलं, वावरात वाकून दुखत असेल. पण पडून राहिलं तरी उतरत नाही, रात्री जास्तच दुखतं. उजव्या पायात मुंग्या येतात आणि संध्याकाळी अंग कसकसतं.

एमआरआय केला. कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्याच्या फॅसेट जॉइंटमध्ये, म्हणजे मागच्या लहान सांध्यात, पाणी आहे, हाड कुरतडल्यासारखं दिसतं आणि बाजूला गाठीसारखं काहीतरी आहे. शेवटी लिहिलंय, 'इन्फेक्शन, टीबीची शक्यता'. ईएसआर ८८, सीआरपीही वाढलेला (दोन्ही शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या). तिथले डॉक्टर म्हणाले, आपल्याकडे टीबी भरपूर, औषधं सुरू करून पाहू.

मला खटकतंय ते वेगळंच. बाबांच्या पायाचा अंगठा कित्येक वर्षांपासून मधूनमधून रातोरात लालभडक सुजतो. चादर लागली तरी ओरडतात, आणि आठवड्याभरात आपोआप बरा होतो. गावात याला वात म्हणतात, मेडिकलमधून गोळी आणली की भागतं. कोपरावर टणक गाठी आहेत, कानाच्या कडेला पांढरट दाणे आहेत. हे सांगितलं तर उत्तर मिळालं की युरिक ॲसिड ६.४ म्हणजे नॉर्मल आहे, गाऊट नाही. पण घरी जुने कागद काढले त्यात ९.८ आहे! क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) १.६ आहे, म्हणजे जास्त. बीपीच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड आहे, त्यानेही युरिक ॲसिड वाढतं म्हणे.

गाऊट कंबरेत होतो का? नक्की कोणत्या तपासणीने कळतं? आणि टीबीच्या औषधांतल्या पायराझिनामाइडने युरिक ॲसिड वाढतं हे खरं का? खरं असेल तर माझा जीव टांगणीला लागलाय. चुकीचं निदान झालं तर औषधच त्रास वाढवेल.

प्रतिसाद, वर्धेहून (एमडी मेडिसिन)

दादा, तुमची शंका रास्त आहे. गाऊट मणक्यात होतो. सगळ्यात जास्त कंबरेच्या भागात सापडतो आणि फॅसेट जॉइंट ही त्याची नेहमीची जागा. टीबी बहुतेकदा मणक्याच्या पुढच्या भागात, चकतीच्या आसपास सुरू होतो. मागच्या सांध्यातही होऊ शकतो, म्हणून एवढ्यावरून टीबी नाही असं कोणी म्हणू नये. एमआरआयवर गाऊट, टीबी, इतर जंतुसंसर्ग आणि कधी कधी ट्यूमरही सारखेच दिसतात. ताप आणि ईएसआर-सीआरपी गाऊटमध्येही वाढतात, त्यामुळे त्यावरून फरक कळत नाही.

६.४ वर अजिबात थांबू नका. ऐन दुखण्याच्या काळात रक्तातलं युरिक ॲसिड उतरलेलं दिसू शकतं. दुखणं शमल्यावर दोनेक आठवड्यांनी पुन्हा तपासा. साधारण ६.८ च्या वर ते रक्तात विरघळलेलं राहत नाही, खडे धरू लागतं. तुमचा ९.८ चा जुना कागद म्हणूनच मोलाचा आहे, तो फाइलमध्ये सगळ्यात वर लावा.

पायराझिनामाइडचं खरं आहे. ते युरिक ॲसिड लघवीवाटे बाहेर जाऊ देत नाही. एथॅम्ब्युटॉलनेही पातळी वाढते. टीबी सिद्ध झाला तर ही औषधं घ्यावीच लागतात, तिथे दुसरा विचार नाही. पण नुसत्या एमआरआयवर सुरू करण्याआधी सीटीखाली सुईने मणक्याचा तुकडा घ्यायला सांगा. त्यातून टीबीचं सीबीनॅट (जंतूचा अंश शोधणारी चाचणी), कल्चर (जंतू वाढवून बघणं) आणि युरेटचे, म्हणजे युरिक ॲसिडचे खडे, तिन्ही बघता येतं. दोन्ही आजार एकत्र असू शकतात, म्हणून एक सापडला तरी दुसऱ्याची तपासणी सोडायची नाही. ड्युअल एनर्जी सीटी युरेट वेगळ्या रंगात दाखवतो, पण तो सगळीकडे नसतो. सेवाग्राम, सावंगी, नागपूरचं मेडिकल कॉलेज किंवा एम्स, जिथे जाल तिथे आधी फोन करून विचारा.

सर्वांत सोपं काम म्हणजे कोपरावरच्या गाठीत सुई घालून बघणं. तिथे खडे मिळाले तर गाऊट पक्का, मणक्यातही तोच असल्याचा संशय बळावतो.

पाय लुळा पडू लागला, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बैठकीची जागा बधिर झाली, तर त्याच रात्री मोठ्या दवाखान्यात न्या. ते कशासाठीही थांबवायचं नाही.

प्रतिसाद, पॅथॉलॉजी लॅबमधून

एक गोष्ट नक्की सांगा, नाहीतर सगळी मेहनत वाया जाते. बायोप्सीचा तुकडा सगळीकडे फॉर्मॅलिनमध्ये टाकतात. फॉर्मॅलिन पाण्यातलं असतं, त्यात युरेटचे खडे विरघळून जातात आणि अहवालात 'खडे दिसले नाहीत' येतं. गाऊटचा संशय असेल तर तुकड्याचा एक भाग ॲब्सोल्यूट अल्कोहोलमध्ये द्यायचा. कल्चर आणि सीबीनॅटसाठीचा भाग वेगळा, दोन्हीत न बुडवलेला. कागदावर मोठ्या अक्षरात 'गाऊट? पोलराइज्ड मायक्रोस्कोपी' (खास प्रकाशात खडे बघायची सूक्ष्मदर्शक तपासणी) असं लिहून घ्या. आम्हाला कोणी सांगितलं नाही तर आम्ही ते शोधत नाही.

धागाकर्ता

डॉक्टरसाहेब, ताई, खूप आधार वाटला. अल्कोहोलचं तर आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. आणखी दोन गोष्टी. बीपीची गोळी आजपासून बंद करू का? आणि मायने तुरीचं वरण बंद केलंय, बाबा नुसती भाकर-चटणी खातात, अंग उतरलंय.

प्रतिसाद, वर्धेहून

गोळी मनाने बंद करू नका, बीपी उसळेल. डॉक्टरांना बदलून मागा. लोसार्टनने युरिक ॲसिड थोडं उतरतं, पण क्रिएटिनिन १.६ असल्याने पोटॅशियम बघून त्यांनीच ठरवावं. त्याच क्रिएटिनिनमुळे मेडिकलमधल्या दुखण्याच्या गोळ्या, डायक्लोफिनॅक वगैरे, आता नकोतच. ॲलोप्युरिनॉल (युरिक ॲसिड कमी करणारी गोळी) आधीपासून चालू असेल तर सोडू नका, नसेल तर स्वतःहून सुरू करू नका.

वरण परत सुरू करा. डाळीने गाऊट बळावत नाही. मटण, कलेजी आणि दारू मात्र बंद ठेवा, मग ती मोहाची असली तरी.