मुलासाठी वेगळं नाव हवंय, पण कन्नडमध्येही बसणारं

नमस्कार मंडळी, आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले. घरी मुलगा झालाय, बारसं पुढच्या आठवड्यात आहे आणि नावावर अजून एकमत नाही. आरव, विहान, शौर्य नकोत. आमच्या गल्लीत हाक मारली तर एकदम तीन पोरं धावत येतील.

नक्षत्र मघा, म्हणजे मा, मी, मू, मे. आत्याबाईंना 'मल्हार' हवंय. छान आहे, पण तेही आता घरोघरी झालंय. माझ्या मनात 'मृगेश' आहे. आपल्या हलशीत जिनालय बांधणारा कदंब राजा मृगेशवर्मा, त्याच्यावरून. सासूबाई म्हणतात, 'मृ' मघात बसत नाही. भटजी म्हणतात, चालतंय की!

खरी अडचण दाखल्याची. आपल्याकडे जन्मदाखला कन्नड आणि इंग्रजीत येतो. कन्नडात शेवटच्या अक्षराचा पाय मोडला नाही तर 'मृगेश'चं 'मृगेशा' होतं. इंग्रजीत 'मृ' कसं लिहावं हाही घोळच, कुणी रि लिहितं, कुणी रु. शाळेत, आधारवर वेगवेगळं पडलं की जन्मभर अ‍ॅफिडेव्हिट करत बसा.

नोंदणी २१ दिवसांच्या आत केलीय, नावाचा रकाना रिकामा ठेवून. १२ महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यामुळे कागदाची घाई नाही. घाई पाळण्यात घालायची आहे.

तर 'म'वरून, दोन-तीन अक्षरी, जोडाक्षर कमी असलेली नावं सुचवा. बेळगाव, निपाणीकडच्या कुणी मुलाचं नाव 'मृ'वरून ठेवलं असेल तर दाखल्यावर इंग्रजी स्पेलिंग काय घातलं, तेवढं नक्की सांगा.