सिग्नलसमोरचं घर, खिडकीतली काळी धूळ आणि रांगणारं बाळ

छकुलीची_आई:
पुण्यात सातारा रस्त्याला लागून, सिग्नलच्या समोरच पहिल्या मजल्यावर आमचं घर आहे. इमारत ऐंशीच्या दशकातली. सकाळी पुसलेल्या खिडकीच्या खाचेत संध्याकाळपर्यंत काळी भुकटी जमते. परवा तिच्यावर फ्रिजवरचं चुंबक धरलं, तर त्याला काळी लव फुटल्यासारखी भुकटी चिकटली. लेक दहा महिन्यांची आहे, घरभर रांगते आणि हात सतत तोंडात. यात शिसं वगैरे असतं का? एअर प्युरिफायर घ्यावा का? शिवाय पुढच्या आठवड्यात रंगारी येणार आहे, ग्रिलचे पोपडे खरवडायला. तेवढे दिवस माहेरी जाऊ का?

मातीतला_माणूस:
ताई, माझी सगळी नोकरी प्रयोगशाळेत माती आणि धुळीतले धातू मोजण्यात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चुंबकाला चिकटलं ते लोखंड. ब्रेक दाबला की पॅड आणि डिस्क दोन्ही झिजतात, आणि सिग्नलवर तर ते दिवसभर चालतं. त्या लोखंडाची मला धास्ती नाही. पण त्याच झिजेतून तांबं आणि अँटिमनी येतं, टायरमधून जस्त. शिसं मात्र बरंचसं जुनं आहे. शिसंयुक्त पेट्रोल देशभरात २००० साली बंद झालं, पण त्याआधी वर्षानुवर्षं धुरातून खाली बसलेलं शिसं रस्त्याकडेच्या मातीत तसंच पडून आहे. ते कुजत नाही. रस्ता खणला की तीच माती पुन्हा उडते.

प्युरिफायरवर पैसे घालण्याआधी फरशीकडे बघा. एवढ्या लहान मुलांच्या अंगात शिसं जातं ते मुख्यतः हातातोंडातून. मोठ्या माणसाने गिळलेल्या शिशाचा साधारण दहावा हिस्सा रक्तात उतरतो, लहान मुलांत निम्म्यापर्यंत. मेंदूची वाढ ऐन भरात असताना ते नडतं. पुढे शिकण्यावर, लक्ष लागण्यावर परिणाम होतो आणि ते नुकसान भरून निघत नाही. अंगात लोह कमी असेल तर शिसं आणखी शोषलं जातं, आणि आपल्याकडे किती बाळांचं हिमोग्लोबिन कमी असतं हे आपण बघतोच. डॉक्टरांकडून तेही तपासून घ्या.

केरसुणी बंद करा. तिने धूळ उडते आणि थोड्या वेळाने परत फरशीवर बसते. ओल्या फडक्याने पुसा, पाणी बदलत राहा, खिडकीची खाच सगळ्यात आधी. चपला दाराबाहेर. भरवण्याआधी बाळाचे हात साबणाने धुवा.

मला खरी काळजी वाटते ती तुमच्या ग्रिलची. रस्त्याची धूळ थोडीथोडी येते. जुना तेलरंग कोरडा घासला तर एका दुपारीच घरभर शिसं होऊ शकतं. घरगुती रंगात शिशाची ९० पीपीएमची (म्हणजे रंगाच्या दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. तुमचं ग्रिल त्याच्या कितीतरी आधीचं. माहेरी जाच.

रंगकामवाला:
सरांचं बरोबर आहे. वडिलांच्या वेळेपासून आमचं हेच काम. पोपड्याखाली भडक नारिंगी थर दिसला तर तो शेंदराचा प्रायमर असण्याची दाट शक्यता, म्हणजे शिसंच. विटकरी असेल तर बहुधा रेड ऑक्साइड, त्यात लोखंड. पण जुन्या पिवळ्या-हिरव्या तेलरंगातही शिसं असायचं, त्यामुळे विटकरी दिसलं म्हणून निर्धास्त राहू नका. कोरडा पॉलिश पेपर नको, ग्राइंडर तर मुळीच नको, आणि ब्लो लॅम्पने रंग जाळायचाही नाही. वॉटर पेपर घेऊन, पाणी मारत घासायचं. खाली प्लॅस्टिक अंथरून पोपडे त्यातच गुंडाळायचे. माझ्याकडच्या पोरांना मी मास्क लावायला लावतो आणि कामाचे कपडे घरी नेऊ देत नाही. त्यांच्या घरीही लहान मुलं आहेत.

बालविभाग_सिस्टर:
रक्त तपासायचं तर शिरेतून द्या. बोट टोचून घेतलं आणि बोटावर धूळ असली तर आकडा खोटा चढतो. डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त आलं तर शिसं कुठून येतंय ते शोधून थांबवायचं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शिसं बाहेर काढायची औषधं फार वरच्या आकड्यांनाच देतात, तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. कृपा करून 'शरीरशुद्धी'ची चूर्णं बाळाला देऊ नका. विकतचा सुरमाही नको, त्यातही शिसं सापडतं.

छकुलीची_आई:
सगळ्यांचे मनापासून आभार. रंगाऱ्याशी बोलले, मजुरी थोडी वाढवून ओलं घासायला तयार आहे. एक सुटलेला पोपडा ओल्या फडक्याने उचलून पाहिला, खाली नारिंगीच आहे. आम्ही शनिवारी आईकडे जातोय. ग्रिलखालच्या कुंड्यांत पालक लावलाय, तो खायचा का?

मातीतला_माणूस:
नको. पोपडे वर्षानुवर्षं त्याच कुंड्यांत पडत असणार. माती सुकण्याआधी, ओली असतानाच पिशवीत भरून टाका, कुंड्या धुवा, आणि नवी माती ग्रिलचं काम झाल्यावरच भरा.