"आत कोणी नाही" हे ठरवलं कुणी?

सुमेधा_ठाणे: कालच्या धाग्यावर निनादराव लिहितात, "डोळे उघडे, पण आत कोणी नाही. अशांना नळीवर जगवणं हा नातेवाइकांचा हट्ट. केईएम हॉस्पिटलच्या नर्स अरुणा शानबागला हल्ल्यानंतर ४२ वर्षं तसंच ठेवून काय साधलं?" अहो, तपासलं कुणी? २००६ साली मेंदू-संशोधक ओवेन यांनी 'व्हेजिटेटिव्ह', म्हणजे जागी पण जाणीव नसलेली, ठरलेल्या तरुणीला स्कॅनरमध्ये सांगितलं, मनात टेनिस खेळ. तिचा मेंदू धडधाकट माणसासारखाच कामाला लागला. २०२४ च्या अभ्यासात, सांगितलेलं काहीच न करणाऱ्या २४१ पेशंटपैकी ६० जणांचा मेंदू आतून आज्ञा पाळत होता. माझ्या बाबांना डॉक्टर 'कोमा' म्हणून मोकळे झाले. दाढी करताना आरसा सरकवला, तर नजर त्याच्या मागोमाग! याला २००२ पासून वेगळं नाव आहे, मिनिमली कॉन्शस, म्हणजे थोडीशी का होईना, जाणीव शिल्लक.

निनाद: उरलेल्या १८१ जणांत काही सापडलं नाही, तेही लिहा की. आमची आई अशीच आहे. गावचा प्लॉट विकलाय. अभ्यास कुणाला सांगता?

सिस्टर_मंदा: केईएमच्या सिस्टरांनी अरुणाला बेडसोअर होऊ दिला नाही. तिच्या इच्छामरणाच्या अर्जावरच्या २०११ च्या निकालात सुप्रीम कोर्टानंही त्यांची वाखाणणी केली. रात्री-अपरात्री कूस बदलावी लागते हो. तुमच्या आईची कोण बदलतं?

निनाद: बायको. आणि नर्सिंग ब्युरोची बाई.

सिस्टर_मंदा: वाटलंच. हट्ट तुमचा, कंबर तिची.

पक्या_कल्याणकर: ब्युरोचं नाव काढलंत, बरं झालं! पैसे आगाऊ, आणि 'ट्रेन्ड' मुलगी पेशंटला सपाट झोपवून नळीतून पेज ओतते. डोकं उंच ठेव, नाहीतर छातीत जाईल, हे मी शिकवायचं!

हेमा_वहिनी: आमच्याकडची तर सक्शन मशीन चालू ठेवून मोबाइलवर. बदली मागितली तर दोन दिवस कुणीच नाही.

निनाद: विषय कायद्याचा होता! २०१८ ला कोर्टानं सन्मानानं मरण्याचा हक्क मान्य केला, २०२३ ला उपचार थांबवण्याची प्रक्रिया सोपी केली.

सुमेधा_ठाणे: हक्काला ना नाही. पण उपचार थांबवायला ज्यांची संमती लागते, त्या डॉक्टरांच्या दोन्ही बोर्डांनी सही करण्याआधी वेगवेगळ्या वेळी, पुन्हा पुन्हा तपासावं. पेशंट पेंगलेला असताना पाच मिनिटं बघून नव्हे.

निनाद: बरं बाई, तपासू. नजर फिरली तर ब्युरोचं बिल तुमच्या पत्त्यावर.

सिस्टर_मंदा: बिल राहू दे. आज रात्रीची कूस तुम्ही बदला.

हेमा_वहिनी: पक्या, कल्याणात भरवशाची ब्युरो आहे का एखादी?

पक्या_कल्याणकर: असती तर इथे रडलो असतो का? एक मावशी आहेत, व्यनि करतो.