कॅराजीनन, अगर, अल्जिनेट: एकाच समुद्रातल्या मालाला दोन न्याय का?

सायसाखर

मत आधीच सांगते, म्हणजे कोणाला शेवटपर्यंत वाट बघावी लागणार नाही. समुद्री शेवाळापासून बनणाऱ्या थिकनरांपैकी (खाद्यपदार्थाला दाटपणा आणणाऱ्या पदार्थांपैकी) कॅराजीननवरची आयात ड्युटी कमी व्हायला हवी, आणि त्याचं वर्गीकरण एकदाचं सरळ व्हायला हवं.

आमचा सांगलीकडे दुग्धपदार्थांचा छोटा कारखाना आहे. चॉकलेट दुधात कोको तळाशी बसू नये म्हणून 'कप्पा' प्रकारचं कॅराजीनन घालतात. शंभर लिटरला वीस-तीस ग्रॅम पुरतं. दुधातल्या केसीन या प्रथिनाशी त्याची जी सांगड बसते ती दुसऱ्या कशाची बसत नाही. गवार गम घातला तर दूध दाट होतं, पण कोको हळूहळू खाली जातोच. ज्यांना 'गवार आपल्याकडे पिकतो, तोच वापरा' असं सुचवायचंय त्यांनी आधी हा प्रयोग करून पाहावा.

आता तक्रार. आयात-निर्यातीच्या मालाची वर्गवारी करणाऱ्या, जगभर चालणाऱ्या एचएस कोडमध्ये अगर-अगर १३०२.३१ मध्ये आहे. कॅराजीनन १३०२.३९ मध्ये, म्हणजे 'इतर' या गाठोड्यात. प्रकरण १३, शेतीच्या बाजूचं. अल्जिनेट मात्र ३९१३.१० मध्ये, म्हणजे प्लॅस्टिकच्या प्रकरणात! तिन्ही शेवाळातून येतात, तिन्ही खाण्यात जातात, तिन्हींचं काम दाटपणा आणणं किंवा जेल बनवणं. तरी एकावर शेतीमालाचा चढा दर आणि दुसऱ्यावर औद्योगिक कच्च्या मालाचा कितीतरी कमी दर. या भेदामागे देशहिताचा कुठला विचार आहे, हे मला कोणीतरी समजावून सांगा.

खाडीकाठ

ताई, तुमच्याच आकड्यावर हिशेब करू. शंभर लिटरला २५ ग्रॅम धरा. कॅराजीनन किलोला हजार रुपये समजा. म्हणजे शंभर लिटरला २५ रुपये, लिटरला २५ पैसे. शेतीच्या प्रकरणांत नेहमी दिसणारा ३० टक्के दर लावा, त्यावर समाजकल्याण अधिभार मूळ शुल्काच्या १० टक्के, म्हणून एकूण ३३. लिटरमागे बोजा पडला आठ पैशांच्या आसपास. आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, तुम्हाला क्रेडिटमध्ये परत मिळतो, तो यात धरत नाही. आठ पैशांसाठी किनाऱ्यावरच्या माणसाला राखणारी ड्युटीची भिंत पाडायची?

मी रत्नागिरीकडचा, बचतगटांच्या शेवाळशेतीशी जोडलेला आहे. कप्पा कॅराजीनन ज्यापासून काढतात त्या कप्पाफायकस शेवाळाची शेती तामिळनाडूत मंडपम्-रामेश्वरम् पट्ट्यात उभी राहिली. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने ते बियाणं १९८४ मध्ये आपल्या किनाऱ्यावर आणलं, पुढे एका मोठ्या शीतपेय कंपनीने करारशेती केली आणि काही वर्षांनी अंग काढून घेतलं. बांबूचा तराफा, त्याला दोऱ्या, दोऱ्यांना शेवाळाचे तुकडे बांधायचे, ४५ दिवसांनी काढायचं. वाळवल्यावर वजन दहाव्या हिश्श्यावर येतं. हे बांधकाम कमरेएवढ्या पाण्यात बायका करतात. २०२० च्या मत्स्य संपदा योजनेत शेवाळासाठी ६४० कोटी ठेवले ते याच शेतीला उभं करायला. एका हाताने पैसे द्यायचे आणि दुसऱ्या हाताने इंडोनेशिया-फिलिपिन्सच्या मालाला दार सताड उघडायचं, याला धोरण म्हणत नाहीत.

गोदीवाला

मी कस्टम्स ब्रोकर आहे. इथे दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेत, ते सोडवू. माल कुठल्या हेडिंगमध्ये, म्हणजे कोडच्या कुठल्या चार-अंकी गटात, बसतो हा कायद्याचा प्रश्न. त्या हेडिंगवर किती दर लावावा हा सरकारच्या धोरणाचा प्रश्न. दर जास्त वाटतो म्हणून हेडिंग बदलता येत नाही. नोटिसा येतात त्या नेमक्या या घोळामुळे.

अल्जिनेट प्लॅस्टिकमध्ये का? ३९१३ मध्ये 'नैसर्गिक पॉलिमर' असं लिहून उदाहरणादाखल अल्जिनिक अ‍ॅसिडचंच नाव घातलंय. मग कॅराजीननही नैसर्गिक पॉलिमरच आहे, ते तिथे का नाही? कारण त्याच ओळीत अट आहे: 'इतरत्र नमूद नसलेले'. आणि १३०२ म्हणतं, वनस्पतिजन्य म्युसिलेज (बुळबुळीत चिकट पदार्थ) आणि थिकनर, त्यात फेरफार केलेला असो वा नसो. कॅराजीनन इथे नमूद झालं की प्रकरण ३९ चं दार बंद. झँथन गम जिवाणूंच्या आंबवणातून येतो, वनस्पतीतून नाही, म्हणून तो ३९१३ मध्ये जातो. सायसाखरताईंना अन्याय वाटतो ते समजतं, पण वर्गीकरणाचं उत्तर इथे स्पष्ट आहे.

खरी भांडणं दोन ठिकाणी होतात. एक, मिश्रणं. दर खेपेला ताकद सारखी यावी म्हणून कॅराजीननमध्ये साखर मिसळून प्रमाणित केलं तर ते १३०२ मध्येच राहतं. पण त्यात इमल्सिफायर, फॉस्फेट, दूध पावडर घालून 'आइस्क्रीम स्टॅबिलायझर' म्हणून पोतं आलं तर २१०६ ची खाद्यमिश्रणं समोर उभी राहतात. पुरवठादाराच्या कागदावर नुसतं 'स्टॅबिलायझर' लिहिलेलं असतं, आयातदार जुनाच कोड टाकतो, आणि नमुना प्रयोगशाळेत गेला की प्रकरण सुरू.

दुसरं, अर्धशुद्ध कॅराजीनन. यात शेवाळ गरम पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये शिजवतात, धुतात, वाळवतात, दळतात. कॅराजीनन बाहेर काढलेलंच नसतं, सेल्युलोजसकट राहतं. मग हे शेवाळ की अर्क? १२१२ मध्ये ताजं, थंड केलेलं, गोठवलेलं किंवा वाळवलेलं शेवाळ बसतं, दळलेलं असलं तरी. अल्कलीत शिजवलेलं त्यात बसतं असं मला वाटत नाही. माझ्या मते १३०२. पण समोरचा वकील चांगला असेल तर तास-दोन तास वाद होऊ शकतो.

सायसाखर

गोदीवाला, नियम कसा लिहिलाय ते कळलं. तो तसा का असावा, हा माझा प्रश्न तिथेच आहे. हेडिंग जगाने ठरवलं असेल, दर तर दिल्लीत ठरतो. प्लॅस्टिकच्या प्रकरण ३९ मध्ये जसा कमी दर आहे तसा १३०२.३९ मधल्या शुद्ध कॅराजीननला अधिसूचना काढून देता येतो. हेडिंगला हात लावायची गरजच नाही.

खाडीकाठ, चॉकलेट दुधाचा हिशेब तुमचा बरोबर आहे. पण शाकाहारी जेली घ्या. तिथे प्रमाण अर्धा ते एक टक्का लागतं. शंभर किलोला सातशे ग्रॅम धरा. तुमच्याच भावाने सातशे रुपयांचा माल आणि त्यावर २३१ रुपये ड्युटी. जिलेटिनची जेली विकणाऱ्या मोठ्या कंपनीशी आम्ही स्पर्धा करायची ती अशी. आपल्याकडे शाकाहारी ग्राहक किती आहेत ते मी सांगायला नको.

आणि दरापेक्षा जास्त पैसा जातो तो अडकून पडण्यात. आमची एक खेप बंदरावर वर्गीकरणाच्या शंकेवरून थांबली. नमुना गेला, अहवालाची वाट, डेमरेज (माल पडून राहिल्याचं भाडं) चालू, इकडे उन्हाळ्याचा हंगाम चालला. माल शेवटी आम्ही लिहिलेल्याच कोडवर सुटला. डेमरेज कोणी परत दिलं नाही.

प्रयोगवही

अन्नतंत्रज्ञ म्हणून थोडं. 'तिन्हींचं काम एकच' हे सायसाखर यांचं वाक्य मला मान्य नाही. अल्जिनेटचं जेल कॅल्शियमने थंडीतच बनतं आणि गरम केलं तरी वितळत नाही. अगर साधारण ३५-४० अंशांवर घट्ट होतं पण वितळायला ८५ च्या वर तापमान लागतं. म्हणून तर जंतू वाढवायच्या बशीत अगर वापरतात, उबवणीच्या तापमानाला ते पातळ होत नाही. कप्पा कॅराजीननला पोटॅशियम लागतं, ते कडक पण ठिसूळ जेल देतं. एकाच्या जागी दुसरं चालत नसेल तर दर सारखा असावा हा युक्तिवाद मुळातच लंगडा पडतो.

अगरच्या बाबतीत मी ड्युटीच्या बाजूने आहे. ज्याला आपल्या घरात चायना ग्रास म्हणतात ते हेच. दुसऱ्या महायुद्धात जपानचा पुरवठा तुटला तेव्हा देशोदेशीच्या प्रयोगशाळांची अडचण झाली आणि अनेकांना आपापल्या किनाऱ्यावर शेवाळ शोधावं लागलं. आपल्याकडे मन्नारच्या आखातात जेलिडिएला आणि ग्रॅसिलारिया ही अगरची शेवाळं गोळा करणाऱ्या बायका आहेत, त्यावर चालणारे छोटे अगर कारखाने आहेत. इथे खरंच राखण्यासारखं काही आहे. कॅराजीननचं तसं आहे का? खाण्याच्या दर्जाचं शुद्ध कॅराजीनन बनवणारे आपल्याकडे थोडकेच. जे नाही त्याच्याभोवती कुंपण कशाला?

खाडीकाठ

कुंपण नसेल तर ते कधी उगवणारच नाही, म्हणून!

जर्सीकर

अमेरिकेतून लिहितोय. इथल्या नेहमीच्या दरतक्त्यात अगर बिनशुल्क येतं, कॅराजीनन ३.२ टक्के, अल्जिनेट ४.२ टक्के. (२०२५ मध्ये देशवार लावलेलं जादा शुल्क वेगळं.) म्हणजे चढउतार तुमच्या उलट: प्लॅस्टिक प्रकरणातलं अल्जिनेट सगळ्यात महाग. सॅन डिएगोत कॅलिफोर्नियाच्या केल्प या मोठ्या शेवाळापासून अल्जिनेट बनवणारा मोठा कारखाना होता. तिथलं अल्जिनेट केव्हाच बंद झालं, दर अजून आहे. एकदा लावलेली ड्युटी काढायला कोणी येत नाही आणि वापरणारा भरत राहतो. खाडीकाठ, तुमच्या भिंतीला मुदत घाला, एवढंच सुचवेन.

प्रयोगवही

खाडीकाठ यांना सरळ प्रश्न. तुमच्याकडचं कप्पाफायकस कापल्यावर जातं कुठे? माझ्या माहितीप्रमाणे भारतात त्यातलं बरंचसं ओलं असतानाच पिळून रस काढतात आणि तो पिकांवर फवारायचं जैव-उत्तेजक म्हणून विकतात. भावनगरच्या संस्थेचीच ती पद्धत आहे. असं असेल तर शेवाळाचा भाव कॅराजीननच्या ड्युटीवर नाही, खताच्या मागणीवर ठरतो. मग सांगलीच्या जेलीवर लावलेले २३१ रुपये मंडपम् किंवा रत्नागिरीच्या बाईपर्यंत पोचतात कोणत्या वाटेने?

खाडीकाठ

रसाचं खरं आहे. पण त्या पद्धतीत पिळून उरलेला चोथा कॅराजीननसाठीच वापरायचा असतो. त्या चोथ्याला गिऱ्हाईक हवं असेल तर इथे कारखाना हवा. कारखाना टाकणारा पहिला प्रश्न विचारतो: तयार माल बाहेरून कितीला पडतो? शुद्ध कॅराजीनन स्वस्त केलं आणि कच्च्या शेवाळावर ड्युटी ठेवली तर कच्चा माल महाग, पक्का माल स्वस्त. मग कारखाना कोण टाकेल? इंडोनेशियाकडे बघा. जगात कॅराजीननचं शेवाळ सर्वात जास्त पिकवणारा देश, पण वाळवलेला माल मोठ्या प्रमाणावर चीनला जातो आणि प्रक्रियेचा पैसा तिकडे राहतो. आपण त्या वाटेने का जायचं?

उलट कच्चं स्वस्त आणि पक्कं महाग केलं तर कारखाना येईल, पण तो शेवाळ इंडोनेशियातून आणेल आणि माझ्या बायका पुन्हा बाहेर. म्हणून मी दोन्हींवर ड्युटी मागतो. यात ताईंसारख्यांना झळ बसते हे मला दिसतं. तरी कोकणात आम्हाला पावसाळ्यात तराफे पाण्यात ठेवता येत नाहीत, शेवाळ खाणाऱ्या माशांचा त्रास वेगळाच. पहिली काही वर्षं आधार नसेल तर हे पीक इथे टिकणार नाही.

सायसाखर

मग आधार सरकारने तिजोरीतून द्यावा. हंगामात तुटलेल्या तराफ्याची भरपाई, वाळवण्यासाठी ओटे, हमीभाव, काहीही. माझ्या कारखान्यात काम करणाऱ्याही बायकाच आहेत. एकीच्या रोजगाराचा खर्च दुसरीच्या रोजगारावर टाकणं मला पटत नाही, आणि तोही अशा वाटेने की पोचतो की नाही ते कोणी मोजत नाही.

गोदीवाला

'मोजत नाही' इथेच थांबा. कॅराजीनन आपल्या दरपत्रकात १३०२ ३९ ०० या एकाच आठ-अंकी ओळीत इतर म्युसिलेजांबरोबर येतं. अगरला स्वतंत्र ओळ, गवारला स्वतंत्र ओळी, कॅराजीननला नाही. त्यामुळे देशात ते किती येतं, कोणत्या भावाने येतं, शुद्ध किती, अर्धशुद्ध किती, हे आयातीच्या आकड्यांतून नीट वेगळं काढताच येत नाही. तुम्ही दोघं ज्या आकड्यावर भांडताय तो छापलेलाच नाही. पहिले सहा अंक जगाचे, शेवटचे दोन आपले. तेवढे दोन अंक बदलायला जागतिक परवानगी लागत नाही.

ताईंसाठी व्यवहाराचं: मुंबईच्या सीमाशुल्क अग्रिम निर्णय प्राधिकरणाकडे अर्ज करा. २०२१ पासून ते चालू आहे. निर्णय तुमच्यापुरता बंधनकारक असतो आणि पाच वर्षं चालतो. प्रत्येक मिश्रणाचा घटकवार तक्ता आणि बनवण्याची कृती जोडा. पुरवठादार द्यायला कुरकुर करतो, त्याला खरेदी-ऑर्डरमध्येच बांधून घ्या. तरीही खेप अडली तर कलम १८ खाली तात्पुरतं असेसमेंट (शुल्क-आकारणी) मागून, बाँड देऊन माल सोडवा. गोदामात सडत ठेवू नका. आणि आसियान, म्हणजे आग्नेय आशियाई देशांशी झालेल्या करारातली सवलत घेणार असाल तर २०२० च्या नियमांनुसार मूळ देशाची माहिती आयातदाराने स्वतः बाळगायची असते, नुसतं प्रमाणपत्र पुरत नाही.

सायसाखर

मग हेच मागू. अर्थसंकल्पाआधी मंत्रालय उद्योगांकडून सूचना मागवतं, आमच्या संघटनेतर्फे मसुदा देते: कॅराजीननला दोन ओळी, शुद्ध आणि अर्धशुद्ध, आणि शुद्धवरचा दर कमी. खाडीकाठ, तुमच्या बचतगटांच्या फेडरेशनची सही मिळेल?

खाडीकाठ

दोन ओळींच्या मागणीवर मिळेल, उद्याच. अर्धशुद्ध वेगळं दिसलं तर आमच्या मालाला नेमकं कोण पाडतंय ते आम्हालाही कळेल. दर कमी करण्यावर मिळणार नाही. दोन्ही एका अर्जात घालू नका, वेगवेगळे करा. दुसऱ्याच्या विरोधात आमचाही अर्ज जाईल, हे आत्ताच सांगून ठेवतो.